डीजे संचातील गुणगुण कशी शोधावी
मांडवात गाणे थांबताच स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येत असेल, तर प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. ती लगेच थांबली, तर चार्जर आणि मिक्सर (वेगवेगळे आवाज एकत्र करणारे यंत्र) यांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह हेच बहुधा कारण असते. अशा वेळी, भार झेपत असल्यास, सर्व उपकरणांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी आणि तेवढ्याने भागले नाही, तर ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजूंचा थेट विद्युत संपर्क तोडून फक्त सिग्नल पुढे नेणारा भाग) बसवावा. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण बिघाड झाल्यास अॅम्प्लिफायरच्या धातूच्या खोक्यात वीज उतरून जिवावर बेतू शकते, म्हणून तो मुळीच मानू नये. दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर फिरवताच करकर वाढत असेल, तर दिव्यांना वेगळ्या फेजवरून वीज द्यावी आणि सिग्नलची वायर विजेच्या वायरीला समांतर न नेता काटकोनात ओलांडावी.