लाकडी फ्लोअरिंग: पहिली फळी बसवण्याआधीच्या या चुका टाळा

फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं. "मिस्त्री, लाकूड फुगलंय, माल खराब निघाला." मी जातो, कोपऱ्यातली एक फळी उचलतो, आणि खाली जे दिसतं ते पाहून त्या लाकडाचीच माफी मागावीशी वाटते. फळीचा रंग, पॉलिश, जाडी यावर घरात महिनाभर चर्चा झालेली असते. खालच्या जमिनीसाठी मात्र कुणी अर्धा दिवसही राखून ठेवलेला नसतो.

"वरून वाळलंय की!"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि सगळ्यात महागात पडणारीही. काँक्रीट पांढुरकं दिसलं, हाताला कोरडं लागलं, म्हणजे वाळलं असं नसतं. ते वरून वाळत जातं आणि पोटात ओल धरून बसतं. हवा चांगली खेळत असेल तर ढोबळ हिशेब इंचाला एक महिना, म्हणजे चार इंची स्लॅबला चार महिने. आणि हे महिने ओतल्या दिवसापासून मोजायचे नाहीत. पाणी मारणं बंद झालं, छप्पर आणि खिडक्या बसल्या, पाऊस आत यायचा थांबला, तिथून मोजायला सुरुवात करायची. बांधकामाच्या वेळापत्रकात हे कुणीच धरत नाही.

मीही धरलं नव्हतं. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती, म्हणजे सगळं येतं असं वाटण्याचं ते वय. स्लॅब जेमतेम दोन महिन्यांचा. घरमालकांची राहायला येण्याची तारीख ठरलेली, ठेकेदार डोक्यावर उभा. ओल तपासायला रात्री स्लॅबवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवला, सकाळी खाली थेंब नव्हते, मी खूश. स्लॅबवर प्लाय ठोकला, त्यावर भरीव लाकडाच्या फळ्या. मध्ये पॉलिथिनसुद्धा टाकलं नाही, कारण थेंब नव्हते ना! तिसऱ्या महिन्यात बोलावणं आलं. सकाळचं तिरपं ऊन जमिनीवर पडलं होतं आणि अख्खी खोली पन्हळी पत्र्यासारखी दिसत होती. प्रत्येक फळीच्या कडा वर, मधला भाग खोल. खालून ओल लागली की फळीचा तळ फुगतो, वरचा भाग तेवढा फुगत नाही, आणि कडा उचलल्या जातात.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. मी काय केलं, तर मशीन लावून त्या वर आलेल्या कडा घासून सपाट केल्या. दोन दिवस छान दिसलं. पुढे काही महिन्यांनी स्लॅब खरोखर वाळला, फळ्या मूळ आकारात आल्या, आणि घासलेल्या कडा आता खाली गेल्या. मधला भाग उंटाच्या पाठीसारखा वर. ती जमीन मी स्वतःच्या खर्चाने उचलली. फुगलेली फळी आधी ओल थांबवून पूर्ण वाळू द्यायची, तिला घासायची घाई करायची नाही, हे मी असं शिकलो.

प्लास्टिकच्या तुकड्यावर तेव्हापासून माझा अर्धाच विश्वास आहे. थेंब दिसले तर ओल नक्की आहे. दिसले नाहीत तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पोटातली ओल एका रात्रीत वर येईलच असं नाही. वरचा भाग कोरडा असतो तो उघडा आहे म्हणून. एकदा तुम्ही तो फळ्यांनी झाकला की आतली ओल हळूहळू सगळीकडे सारखी पसरते.

म्हणून मी भोक पाडून मोजतो. स्लॅब फक्त वरून वाळत असेल तर जाडीच्या 40 टक्के खोलीवर, म्हणजे चार इंचात साधारण 40 मिमी. भोकात नळी बसवायची, तोंड बंद करायचं, किमान एक दिवस जाऊ द्यायचा आणि मग आतली आर्द्रता वाचायची. पहिल्या 1000 चौरस फुटांना 3 भोकं. किती आकडा चालेल ते लाकडाच्या आणि गोंदाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. 75 टक्क्यांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसते. जिथे गोंद आणि लाकूड वेगळं सांगतात तिथे मी कमी आकडा धरतो. "अहो, 79 आहे, चालेल की" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सामान गाडीत भरतो.

खाली प्लाय असेल तर पिनांच्या मीटरने प्लाय आणि फळी दोन्ही तपासा. तीन इंच किंवा त्याहून रुंद फळी असेल तर दोघांच्या ओलीत 2 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, अरुंद असेल तर 4. आणि पॉलिथिन टाकलं म्हणून ओल्या स्लॅबवर काम करायची मुभा मिळत नाही. निदान 150 मायक्रॉनचं घ्या, जोडावर सहा इंच चढवा, टेप लावा.

पाणसळ बघून खूश होणं

बुडबुडा मधोमध आला की नवशिका हसतो. पण फळीला जमीन समतल आहे की किंचित उताराची, याचं फारसं सोयरसुतक नसतं. तिला सपाट जमीन लागते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सपाटपणा लहान पाणसळीला कळत नाही. त्याला लांब सरळ पट्टी लागते. चिकटवायच्या किंवा तरंगत्या (न चिकटवता, फळ्या एकमेकींत अडकवून टाकलेल्या) फ्लोअरिंगला माझं माप असं: दहा फुटांत दीड सूत, सहा फुटांत एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्याहून जास्त फट दिसली की काम निघालं.

मी संध्याकाळी दिवे बंद करतो आणि बॅटरी जमिनीवर आडवी ठेवतो. उंचवटे लगेच सावली टाकतात. त्यांच्यावर पेन्सिलीने फुली, खळग्याभोवती गोल, गोलात खोली किती सूत ते. मग आधी उंचवटे घासायचे आणि नंतर खळगे भरायचे, याच क्रमाने. उलट केलं की एका टेकाडाच्या नादात अख्खी खोली भरत बसावी लागते आणि शेवटी दार उघडत नाही.

खळग्यात अंडरलेची (फळ्यांखाली अंथरायच्या मऊ थराची) घडी किंवा पुठ्ठा सरकवणाऱ्यांना काय म्हणावं? पायाखाली फळी रोज दबते, रोज उठते, आणि एक दिवस फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या लॉकची जीभ तुटते. मग फोन येतोच.

लेव्हलिंग कंपाउंड (खळगे भरून जमीन सपाट करणारं मिश्रण) ओतताना प्रायमर टाळू नका आणि पाणी अंदाजाने घालू नका. सैल केलं की छान पसरतं, यात शंका नाही. पण जड भाग खाली बसतो आणि वर नखाने निघेल अशी भुसभुशीत साय येते. त्या सायीवर गोंद चिकटतो, आणि साय जमिनीला धरून राहत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

चिकटवायचं असेल तर काँक्रीटवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. मोत्यासारखा तसाच राहिला तर वर काहीतरी लेप आहे, तो घासून काढल्याशिवाय गोंद धरणार नाही.

झाडूने धूळ फक्त जागा बदलते. व्हॅक्यूम वापरा. वाळूचा एक खडा फळीखाली राहिला तर वर्षानुवर्षं "कट" असा आवाज देतो.

काँक्रीट घासताना ग्राइंडरला व्हॅक्यूम आणि तोंडाला चांगला मास्क हवाच. ती धूळ सिलिकाची असते, फुफ्फुसात जाऊन बसते, आणि रुमाल बांधून ती अडत नाही. जुन्या व्हिनाइल टाइल्स किंवा त्याखालचा काळा गोंद दिसला तर तपासून घेतल्याशिवाय घासूच नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

प्लाय कुरकुरत असेल तर आत्ताच स्क्रू मारा. नुसता खिळा सैल होतो आणि आवाज परत येतो. प्लायच्या दोन तक्त्यांमध्ये एक सूत फट ठेवा, त्यांनाही फुगायला जागा लागते.

गिलावा, पुट्टी, पहिला रंग यातलं काही बाकी असताना फळ्यांचे गठ्ठे घरात आणून ठेवू नका. भिंतीतली ओल हवेत येते आणि लाकूड ती बसवण्याआधीच पिऊन टाकतं.

माझी एक सवय आहे, पोरं हसतात तिला. पहिली फळी टाकण्याआधी मी भिंतीवर, स्कर्टिंगखाली झाकलं जाईल इतक्या उंचीवर, पेन्सिलीने लिहून ठेवतो: तारीख, तिन्ही भोकांचे आकडे, प्लायची ओल, फळीची ओल. पुढे कधी कुणी स्कर्टिंग उचकटलं की त्याला ते सापडतं. एकदा ते उचकटणारा मीच होतो, आणि तेव्हा कळलं की वरच्या मजल्यावरची नळी गळतेय.