मॉरिशसहून रॉड्रिग्जला: अंतर दीड तासाचे, प्रवास दिवसाचा

यंदा चतुर्थीला मालवणात घरी आलो असता, हॉटेलातील नोकरीसाठी मॉरिशसला निघालेल्या आपल्या भागातील काही मुलांनी एकच प्रश्न विचारला: नेमणूक मॉरिशस देशाच्याच रॉड्रिग्ज या दूरच्या बेटावर झाली, तर मुख्य बेटावरून तिकडे पोहोचायला किती वेळ लागतो?

दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय भागात प्लेझान्स येथे, तर रॉड्रिग्जचा त्या बेटाच्या पश्चिम टोकाकडे प्लेन कोराय येथे आहे. मुंबई ते सावंतवाडी हे हवाई अंतर सुमारे ३७० किलोमीटर भरते, त्याच्या दीडपटीहून अधिक उघडा समुद्र मध्ये आहे. काही ठिकाणी हेच अंतर ३२४ असे दिलेले आढळेल. ते सागरी मैल असून एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तांडेलाच्या घरातील मुलाला हे सांगावे लागणार नाही, इतरांनी मात्र घोटाळा करून घेऊ नये.

रॉड्रिग्जची धावपट्टी आखूड असल्यामुळे तेथे पंख्यांचे एटीआर ७२ हे विमान जाते. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, म्हणून चढउतार धरून साधारण दीड तास लागतो. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथून जहाजही सुटते, पण जाताना समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे त्याला सुमारे दीड दिवस लागतो. समुद्र लागणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

घड्याळाचा हिशेबही आधीच समजून घ्यावा. दोन्ही बेटांवर वेळ एकच असून ती भारताच्या दीड तास मागे आहे. मुंबई ते मॉरिशस हे सुमारे ४,७०० किलोमीटरचे उड्डाण सहा तासांच्या आसपासचे असते, पण वेळापत्रकातील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ पाहता ते साडेचारच तासांचे वाटते आणि परतीचे साडेसात तासांचे. पुढचे तिकीट ठरवताना नवखा माणूस हमखास येथेच चुकतो.

माझे स्पष्ट मत असे की, मुंबईहून उतरल्या दिवशी रॉड्रिग्जचे विमान धरू नये. पहिल्या खेपेस मी दोन तासांचे अंतर ठेवून वेगवेगळी तिकिटे काढली. मुंबईचे विमान उशिरा सुटले, पुढचे निघून गेले आणि त्या तिकिटाचे पैसे बुडाले. छोट्या विमानात सत्तरच्या आसपास जागा असतात, त्यामुळे सुट्ट्यांच्या दिवसांत पुढच्या विमानात जागा मिळेलच असे नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ; तेव्हा एकाऐवजी दोन दिवस हाताशी ठेवावेत आणि रुजू होण्याची तारीख मालकाशी बोलून तशीच ठरवावी.

प्लेन कोरायहून पोर्ट माथुरिन या रॉड्रिग्जच्या मुख्य गावापर्यंतचा रस्ता डोंगराळ आणि वळणांचा आहे, आपल्या घाटासारखाच. त्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ धरावा. छोट्या विमानात सामानाची मर्यादा मुंबईच्या विमानापेक्षा कमी असू शकते, म्हणून आईने बांधून दिलेला मसाला आणि कुळथाचे पीठ दुसऱ्या तिकिटावरील वजन पाहूनच भरावे.