रात्री आणि निसरड्या रस्त्यावर गाडी चालवताना

डिपरवर (हेडलाइटचा खालचा, जवळचा झोत) समोरचा रस्ता साधारण 50 ते 60 मीटरच नीट दिसतो. ओल्या रस्त्यावर ताशी 80 किमी वेगात असलेली गाडी पूर्ण थांबायला 95 मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे अडथळा दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो, मग ब्रेक कितीही चांगले असोत.

गणित अगदी सरळ आहे. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी 80 ला तेवढ्यात गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक लागल्यावर ओल्या डांबरावर आणखी 60 मीटर घेते. ताशी 60 ला एकूण अंतर 60 मीटर, ताशी 50 ला 45 मीटर. थोडक्यात, पावसाळी रात्री डिपरवर 50 हा वेग झेपतो, 60 काठावरचा आणि 80 म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला. हे आकडे चांगल्या टायरांचे आणि सपाट रस्त्याचे आहेत. उतारावर अंतर वाढतं. शिवाय गडद कपड्यातला माणूस डिपरच्या उजेडात रस्त्यापेक्षा बराच उशिरा दिसतो.

निघण्याआधी

आधी काच. बाहेरून सगळेच पुसतात, आतून फारसं कोणी पुसत नाही. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा पातळ, तेलकट थर आतल्या बाजूला बसतो. दिवसा तो जाणवत नाही, पण समोरून दिवे आले की अख्खी काच पांढुरकी होते. काच पुसायचं कापड किंचित ओलं करून आतून आडवे हात मारा आणि बाहेरून उभे. नंतर ओरखड्यासारखी रेघ दिसली तर ती आडवी आहे की उभी यावरून कोणत्या बाजूची ते लगेच कळतं. वायपरची रबरं ओल्या फडक्याने पुसा. पुसूनही पाण्याच्या रेघा राहत असतील तर रबर कडक झालंय, ते बदला.

मग दिवे. सपाट जागेवर गाडी भिंतीसमोर उभी करा आणि दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मारून घ्या. आता गाडी सरळ मागे घेऊन दिवे भिंतीपासून 10 मीटरवर ठेवा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड खडूच्या खुणेच्या साधारण 10 सेंमी खाली पडली पाहिजे. ती खुणेच्या वर गेली तर समोरच्याचे डोळे दिपणार, फार खाली असेल तर तुम्हालाच रस्ता दिसणार नाही. डिकीत सामान आणि मागे तिघं बसले की गाडीचं नाक वर उचललं जातं, आणि त्याबरोबर दिवेही. त्यासाठीच स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांची छोटी चकती असते. बहुतेक गाड्यांत 0 म्हणजे रिकामी गाडी. भार वाढेल तसा आकडा वाढवायचा. अनेकांच्या गाडीत ती वर्षानुवर्षं जागची हललेली नसते.

टायरबद्दल दोन गोष्टी. एक, खाचांची खोली. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की 1.6 मिमी उरले. बऱ्याच ठिकाणी कायद्याची मर्यादा तीच आहे, पण पावसासाठी ती फार कमी आहे. 3 मिमीच्या खाली ओल्या रस्त्यावरची पकड झपाट्याने घसरते, त्यामुळे टायर तेव्हाच बदललेला बरा. दोन, हवा. ती टायर थंड असताना तपासा. ‘पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा आकसतात आणि पाणी बाहेर पडण्याऐवजी टायरखालीच अडकतं.

अंधारात

समोर कोणी नसेल तर अप्पर (हेडलाइटचा वरचा, लांबचा झोत) वापरा. समोरून गाडी आली किंवा पुढे कोणी चाललं असेल तर डिपर, आणि समोरच्याने अप्पर ठेवला म्हणून आपणही ठेवायचा नाही. दोघंही आंधळे झाल्याने कोणाचाच फायदा नाही. नजर त्याच्या दिव्यांवरून काढून आपल्या बाजूच्या कडेच्या रेषेवर न्या आणि वेग कमी करा. दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ गाडी अंदाजाने चाललेली असते. दोन गाड्यांचे दिवे समोरासमोर असताना त्यांच्या मधून रस्ता ओलांडणारा माणूस दोन्हीकडून दिसेनासा होतो, म्हणून त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असावा.

डॅशबोर्डचा उजेड आणि मोबाइलची स्क्रीन अगदी मंद करा. पिवळ्या काचांचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे घेऊ नका. दिवे थोडे सौम्य वाटतात, पण ती काच एकूण उजेडच कमी करते.

धुक्यात अप्पर लावला की उजेड धुक्यावर आपटून परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि फॉग लॅम्पच लावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाऊ नका. तुम्ही वळताय हे मागच्याला कळणारच नाही.

पहाटे 2 ते 5 या वेळात झोप सर्वात जोरात येते. काच खाली करून किंवा गाणी मोठी लावून ती जात नाही. सुरक्षित जागी थांबून कॉफी प्या आणि लगेच 15–20 मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा परिणाम व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यानंतरही पेंग येत असेल तर त्या रात्री पुढे जायचं नाही.

घसरड्या रस्त्यावर

कोरड्या दिवसांनंतरची पहिली सर सर्वात वाईट. रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ आणि टायरचा झिजलेला चुरा पाण्यात मिसळून साबणासारखा थर होतो. मुसळधार पाऊस लागला की तो वाहून जातो, पण रिमझिम असेल तर तसाच राहतो. कोरड्यात पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर पुरतं. ओल्यात किमान चार ठेवा. पुढची गाडी खांबाशेजारून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजायला लागा. चार व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात.

ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर: एका वेळी एकच काम. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करा, मग वळा, गाडी सरळ झाली की मग वेग द्या. वळणात ब्रेक दाबला की टायरची वळायची पकड थांबण्यात खर्च होते. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद ठेवा.

साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागला की स्टिअरिंग अचानक हलकं होतं आणि कधी इंजिनचा आवाजही चढतो. ब्रेक नको, वळवणं नको. ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. वेग उतरला की टायर आपोआप जमिनीला टेकतात.

गाडी वळत नाही, सरळच चाललीय असं झालं तर पुढची चाकं घसरलीत. अशा वेळी हात आणखी वळवायची ऊर्मी येते, पण त्याने घसरण वाढते. ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग थोडं मोकळं करा. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर तो ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा, नजर मात्र जायचं तिकडे, आणि गाडी सावरताच स्टिअरिंग परत सरळ करा.

अचानक थांबायचं असेल आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा. पेडल पायाखाली थरथरतं, खटखट आवाज येतो. घाबरून पाय उचलू नका. एबीएस नसेल तर चाकं जाम होताच पाय जरा सैल करून पुन्हा दाबा, कारण जाम झालेल्या चाकांवर गाडी वळत नाही.

दुचाकीवाल्यांनी रंगवलेले पट्टे, गटारांची झाकणं आणि पुलाचे लोखंडी जोड गाडी सरळ ठेवून पार करावेत, त्यावर ब्रेक किंवा झुकणं नको.

पाण्याची खोली दिसत नसेल तर जाऊ नका. वाहतं पाणी 30 सेंमी असलं तरी छोटी कार उचलून नेऊ शकतं. साचलेल्या उथळ पाण्यातून जावंच लागलं तर पहिल्या गिअरमध्ये, सावकाश, न थांबता. बाहेर आल्यावर मागे कोणी नाही हे बघून ब्रेक हलकेच दाबत काही अंतर चाला, म्हणजे ते सुकतात. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ पुन्हा मारू नका: सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (इंजिनातला पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. गाडी ओढूनच बाहेर काढावी लागते.