जुन्या काचमण्यांची माळ सारखी तुटत होती, शेवटी कारण सापडलं

आजीची गार्नेट (गडद लाल खडे) आणि जुन्या झेक काचमण्यांची माळ, वर्षभरात 3 वेळा तुटली, दरवेळी मण्याच्या भोकाशीच. आधी दोरा डबल घेतला, मग तंगूस, मग पटवेकऱ्याकडून गाठवून आणली, तरी तेच. मणी वेचून वेचून अक्षरशः रडू आलं.

दोष दोऱ्याचा नव्हताच, काही काचमण्यांच्या भोकाची कडा ब्लेडसारखी धारदार होती. आधी प्रत्येक मण्यातून कापसाचा दोरा 8-10 वेळा पुढेमागे ओढला, ज्यात दोऱ्याला तूस आली ते मणी बाजूला काढले. मग वाटीत पाणी घेऊन मणी पाण्याखालीच धरायचा आणि डायमंड कोटिंगचा बीड रीमर (मण्याचं भोक घासायची बारीक, टोकदार कानस) हातानेच, जोर न लावता, भोकाच्या तोंडाशी 10-12 वेळा फिरवायचा, मग दुसऱ्या बाजूने तसंच. कोरडं घासलं तर मणी तापून तडकू शकतो आणि काचेची भुकटी नाकात जाते, म्हणून पाणी हवंच. आतून चंदेरी मुलामा असलेल्या मण्यांना मात्र रीमर अजिबात लावू नका, मुलामा निघतो. नंतर पुन्हा दोऱ्याची टेस्ट, मग मणी धुवून रात्रभर वाळवले.

ओवायला 49 पदरी नायलॉन कोटेड स्टील वायर, 0.38 मिमीची, दर दोन मोठ्या मण्यांमधे एक बारीक पोत मणी, आणि क्रिंप (वायरचं टोक पक्कं करायला दाबून बसवायचा छोटा धातूचा मणी) दाबायच्या आधी 2-3 मिमी सैल सोडलं, कारण घट्ट ओवली की वायर कडेवर घासते.

आता 8 महिने झाले, रोज घालते, तुटली नाही.