कुमारवय, लिंगभाव आणि लैंगिकता यांवरील चित्रपटाचे परीक्षण कसे लिहावे

लिंगभाव किंवा लैंगिकता हा गाभा असलेल्या कुमारवयीन चित्रपटावर लिहिताना बहुतेकांचे लक्ष विषयावर खिळून राहते आणि चित्रपट नजरेआड होतो. मग ‘धाडसी विषय’, ‘संवेदनशील हाताळणी’, ‘प्रत्येक पालकाने पाहावा असा’ ही ठरलेली वाक्ये हाताशी असतातच, पण अमुक प्रसंगात कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा होता, याबद्दल वाचकाला एक ओळही मिळत नाही. लिहायला बसण्यापूर्वी ही विशेषणे बाजूला ठेवावीत आणि पाहताना तीन गोष्टींची नोंद करावी. पात्राला स्वतःविषयी काय कळले आहे, ते भोवतालच्या माणसांना केव्हा कळते आणि प्रेक्षकाला ते या दोघांच्या आधी कळते की नंतर, या त्या तीन गोष्टी होत. या प्रकारच्या चित्रपटातले नाट्य बहुधा या तीन कळण्यांमधल्या अंतरात असते आणि परीक्षणाचा सांगाडाही त्यातूनच मिळतो.

त्याआधी चित्रपट नेमका कोणता प्रश्न विचारतो, हे ठरवावे. ‘मी कोण आहे’ हा लिंगभावाचा प्रश्न आहे आणि ‘मला कोण आवडते’ हा लैंगिकतेचा. स्वतःचा लिंगभाव मुले अगदी लहानपणीही बोलून दाखवतात. आकर्षणाची जाणीव मात्र साधारणपणे वयात येताना स्पष्ट होते. म्हणून सहासात वर्षांच्या पात्राच्या चित्रपटाला ‘समलैंगिकतेवरचा चित्रपट’ म्हणणे ही केवळ शब्दाची गफलत राहत नाही, तिच्यामुळे सगळे विवेचन भलत्या दिशेला जाते. काही चित्रपट दोन्ही प्रश्न एकत्र आणतात, त्यातले एक पात्र दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहते आणि गुंता वाढतो. तो गुंता परीक्षणात सोडवून दाखवण्याची गरज नसते. तो कुठे पडतो, तेवढे दाखवावे.

तीन कळण्यांचा हिशेब कसा मांडायचा, हे पाहण्यासाठी सेलीन सिआमा यांचा २०११ सालचा ‘टॉमबॉय’ हा फ्रेंच चित्रपट उत्तम उदाहरण आहे. सुट्टीच्या दिवसांत नव्या वस्तीत राहायला आलेले दहा वर्षांचे मूल लिझा नावाच्या मुलीला आपले नाव मिकाएल असे सांगते. तोवर प्रेक्षकानेही त्या मुलाला मुलगाच धरलेले असते. पुढे आंघोळीच्या प्रसंगात आई ‘लोर’ या मुलीच्या नावाने हाक मारते, आणि इथून प्रेक्षक व मिकाएल यांच्यात एक गुपित तयार होते. लिझा व तिची टोळी त्या गुपिताबाहेर असते. आई-वडील वेगळ्या अर्थाने बाहेर असतात, कारण बाहेर आपल्या मुलाचे नाव काय आहे, हे त्यांना ठाऊक नसते. या क्षणानंतर साधा फुटबॉलचा खेळसुद्धा श्वास रोखून पाहावा लागतो. परीक्षणात कथानकाच्या सारांशापेक्षा ही माहितीची वाटणी सांगणे अधिक मोलाचे आहे, कारण दिग्दर्शिकेचा खरा निर्णय तिथे आहे. प्रेक्षकाला पहिल्याच दृश्यात सगळे सांगता आले असते, आणि मग तो पुढचे सगळे एका ‘प्रकरणा’कडे पाहावे तसे पाहत राहिला असता.

त्याच चित्रपटातला आरशाचा प्रसंग जवळून पाहावा. उघड्या अंगाने खेळणारी, मैदानात थुंकणारी मुले मिकाएलने कडेला उभे राहून पाहिलेली असतात. घरी आल्यावर शर्ट काढून आरशात छाती न्याहाळणे, खांदे ताठ करणे, बेसिनमध्ये थुंकून पाहणे असा तो प्रसंग आहे. आरसा हे या प्रकारच्या चित्रपटांतले अतिशय झिजलेले साधन आहे. कात्रीने कापलेले केस आणि पाण्याखाली डोळे मिटून राहणेही तसेच. अशी साधने दिसली की चित्रपट मोडीत काढू नये, पण त्यांना काव्यात्म म्हणून मोकळेही होऊ नये. आरशासमोर पात्र काय करते, हे विचारावे. ते नुसते उदास होऊन पाहत असेल तर दिग्दर्शकाने आयती भावना उचलली आहे. इथे मात्र आरसा म्हणजे तालीम आहे, आणि तिचा उपयोग पुढच्या खेळात लगेच दिसतो.

काळाची रचना हाही असाच निर्णय असतो. बॅरी जेन्किन्स यांच्या २०१६ सालच्या ‘मूनलाइट’मध्ये एकाच व्यक्तीचे बालपण, कुमारवय आणि तारुण्य तीन भागांत येते, आणि त्या भागांची नावे ‘लिटल’, ‘शायरन’ व ‘ब्लॅक’ अशी आहेत. पहिले नाव इतर मुलांनी चिडवण्यासाठी दिलेले, मधले खरे आणि तिसरे एका मित्राने दिलेले. ॲलेक्स हिबर्ट, ॲश्टन सँडर्स व ट्रेव्हान्टे ऱ्होड्स या तीन नटांना जेन्किन्स यांनी चित्रीकरणाच्या काळात एकमेकांना भेटू दिले नव्हते. एकाने दुसऱ्याची नक्कल करू नये हा त्यामागचा हेतू होता. अशी माहिती परीक्षणात जरूर द्यावी, पण ती पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीला जोडूनच द्यावी, नाहीतर ती नुसती पडद्यामागची गंमत होऊन बसते.

याच चित्रपटात लहानगा शायरन जेवणाच्या टेबलावर वडीलधाऱ्या हुआनला, समलिंगी पुरुषांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका शिवीचा अर्थ विचारतो. हुआनचे उत्तर सरळ आणि मायेचे आहे, आणि हा प्रसंग बहुतेक लेखांत तेवढ्यासाठीच येतो. पण मुलाचा त्यापुढचा प्रश्न, हुआन अमली पदार्थ विकतो का, हा असतो, आणि मुलाची आई त्याच व्यसनात बुडालेली असते. हुआनची मान खाली जाते. प्रसंग लैंगिकतेच्या प्रश्नाने सुरू होऊन मोठ्या माणसाच्या शरमेपाशी संपतो, आणि परीक्षणकर्त्याने अर्ध्यावर थांबून ‘किती समंजस संवाद’ असे लिहिले तर त्याने निम्माच प्रसंग पाहिलेला असतो. या चित्रपटांतली मोठी माणसे अशी शेवटपर्यंत पाहावीत. निव्वळ दुष्ट बाप आणि निव्वळ समजूतदार आजी दिसली, तर पटकथा आळशी आहे असे नि:संकोच लिहावे.

आता भाषेचा प्रश्न, आणि मराठीत लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही, कारण आपली क्रियापदे लिंग उघड करतात. ‘गेला’ की ‘गेली’ हे लिहिताक्षणीच लेखकाने बाजू घेतलेली असते. पात्र स्वतःविषयी ज्या लिंगात बोलते ते लिंग वापरावे, हा मूळ नियम. चित्रपटाने ते मुद्दाम अनिश्चित ठेवले असेल तर परीक्षणानेही ठेवावे, आणि त्यासाठी मराठीतच सोय आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘मिकाएलने शर्ट काढला’ किंवा ‘मिकाएलने चित्र काढले’ या वाक्यांतून मिकाएलचे लिंग कळत नाही. लहान पात्रासाठी ‘मूल’ हा नपुंसकलिंगी शब्द सहज खपतो, पण सोळा वर्षांच्या पात्राला तो लावला की पात्र बाळबोध वाटू लागते. आदरार्थी ‘ते’ हा पर्याय प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत चालतो. शाळकरी पोराला ‘ते’ म्हटले की परीक्षण सत्कार समारंभाच्या भाषणासारखे वाटू लागते. पात्राने टाकून दिलेले जुने नाव कथेच्या समजुतीसाठी अपरिहार्य असेल तरच द्यावे, आणि तेही एकदाच.

शब्दांच्या निवडीत आणखी एक काळजी घ्यावी. ‘विकृती’, ‘लिंगदोष’, ‘सामान्य मुलांपेक्षा वेगळा’ हे शब्द पात्राच्या तोंडी असतील तर अवतरणात द्यावेत. परीक्षणाच्या निवेदनात ते नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या वर्गीकरणातून १९९० मध्येच काढली, आणि २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या त्याच वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत पारलिंगी असण्याशी, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा स्वतःचा लिंगभाव वेगळा असण्याशी, संबंधित नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून हलवली. जुना चित्रपट जुनी वैद्यकीय भाषा बोलत असेल, तर ती त्या काळाची आहे एवढे सांगावे आणि पुढे जावे.

भूमिका कोणी केली, हा वादाचा मुद्दा प्रत्येक परीक्षणात येईलच असे नाही, पण आला तर नीट मांडावा. लुकास धोंट यांच्या २०१८ सालच्या ‘गर्ल’मध्ये बॅले शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या पारलिंगी मुलीची भूमिका व्हिक्टर पोल्स्टर या पारलिंगी नसलेल्या मुलाने केली. कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा दॉर’ मिळाला, तर अनेक पारलिंगी समीक्षकांनी त्यावर कडक टीका केली. ज्या नर्तिकेच्या आयुष्यावरून हा चित्रपट सुचला तिने मात्र त्याची जाहीर पाठराखण केली. टीकेचा जोर केवळ नटाच्या निवडीवर नव्हता. कॅमेरा पुन्हा पुन्हा मुलीच्या शरीराकडे आणि त्याच्या वेदनेकडे वळतो, यावरही होता. हा दुसरा आक्षेप परीक्षणकर्त्याला स्वतः तपासून पाहता येतो. उघडे शरीर किती वेळा दिसते, त्या वेळी पात्राचा चेहरा चौकटीत आहे की नाही, आणि ते दृश्य काढले तर कथेचे काही अडते का, हे पुन्हा पाहून लिहावे. मुख्य पात्र अल्पवयीन असते तेव्हा तर ही तपासणी सोडूच नये.

पुरस्कारांचा उल्लेख थोडक्यात करावा, पण कधीकधी तोही बोलका असतो. बर्लिन महोत्सवाने २०२१ पासून अभिनेता आणि अभिनेत्री असे वेगळे पुरस्कार देणे बंद केले. तिथला प्रमुख भूमिकेसाठीचा ‘रौप्य अस्वल’ पुरस्कार २०२३ मध्ये पारलिंगी मुलीची भूमिका करणाऱ्या नऊ वर्षांच्या सोफिया ओतेरोला मिळाला.

कथानक किती फोडायचे, याचे उत्तर पुन्हा त्या तीन कळण्यांतच आहे. जी गोष्ट प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळते ती खुशाल सांगावी. जी दिग्दर्शकाने राखून ठेवली आहे ती परीक्षणानेही राखावी, मग जाहिरातीने ती आधीच फोडलेली का असेना. एखाद्या प्रसंगाचे विवेचन शेवट सांगितल्याशिवाय होतच नसेल, तर तो परिच्छेद लेखाच्या तळाशी न्यावा आणि त्याआधी वाचकाला स्पष्ट सूचना द्यावी. शेवटी मजकूर एकदा केवळ क्रियापदांसाठी वाचावा. पहिल्या परिच्छेदात ‘आली’ आणि चौथ्यात ‘आला’ अशी सरमिसळ राहिली असेल, तर ती चित्रपटाने केली आहे की आपल्या हातून झाली आहे, हे पाहून दुरुस्ती करावी.