मिस्ट्री शॉपिंग करताय? रिपोर्ट परत येऊ नये म्हणून या चुका टाळा

मिस्ट्री शॉपिंग म्हणजे फुकटात खाणं-पिणं आणि वर पैसे, असं समजून जे येतात त्यांचा पहिला रिपोर्ट हमखास परत येतो. काम साधं आहे, पण सोपं नाही. आपल्या दुकानात, शोरूममध्ये, पेट्रोल पंपावर किंवा शाखेत गिऱ्हाइकाला कशी वागणूक मिळते हे कळावं म्हणून कंपनी एका एजन्सीला काम देते, आणि एजन्सी आपल्यासारख्यांना नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून पाठवते. आपण जायचं, ठरलेली खरेदी किंवा चौकशी करायची, आणि जे दिसलं-ऐकलं ते बहुधा त्याच दिवशी लिहून द्यायचं. मी सात वर्षं ठाण्यात आणि अधूनमधून माहेरी नाशिकला हे काम करते आहे. नवीन आलेल्या मैत्रिणींना फोनवर जे पुन्हापुन्हा सांगावं लागतं, ते इथे लिहिते.

काम मिळण्याआधीच पैसे भरणं

नोंदणी फी, ट्रेनिंग किट, सिक्युरिटी डिपॉझिट, नाव काहीही असो, खरी एजन्सी तुमच्याकडून एक रुपयाही मागत नाही. फॉर्म भरायचा, पॅन आणि बँक खातं द्यायचं, काही ठिकाणी छोटी चाचणी द्यायची, की झालं. फसवणुकीची सुरुवात बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर होते: ‘हॉटेलला पाच स्टार द्या, ५० रुपये मिळवा.’ मग तुम्हाला टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात, पहिले शे-दीडशे रुपये खरंच खात्यात येतात, आणि विश्वास बसला की ‘प्रीपेड टास्क’साठी हजार, मग पाच हजार, मग पन्नास हजार भरायला लावतात. त्यासाठी नावाजलेल्या एजन्सीचं नाव आणि लोगोही वापरतात. एमएसपीए ही या व्यवसायातल्या एजन्सींची १९९८ पासूनची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या सदस्यांच्या यादीत नाव शोधा, आणि ग्रुपमधल्या लिंकवरून न जाता त्या एजन्सीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नोंदणी करा. आणखी एक पक्कं लक्षात ठेवा: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितलं, तर पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढे जायच्या आत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

ब्रीफ वरवर वाचणं

ब्रीफ म्हणजे एजन्सीने त्या भेटीसाठी दिलेल्या लेखी सूचना. माझ्या ओळखीच्या एका मुलाने बर्गरच्या दुकानाचं काम घेतलं. वेळ १ ते ३, आत बसून खायचं, खर्चाची मर्यादा ४०० रुपये, निघण्यापूर्वी स्वच्छतागृह बघायचं. तो सव्वातीनला पोचला आणि पार्सल घेऊन घरी आला. बर्गर चांगला होता, पण रिपोर्ट गेला आणि एजन्सीकडून परत मिळणारे बिलाचे पैसेही गेले. एकाच ब्रँडची स्टेशनजवळ आणि मॉलमध्ये अशी दोन दुकानं असली की चुकीच्या ठिकाणी जाणं तर नेहमीचंच. ब्रीफमधला आउटलेट कोड आणि पत्ता आदल्या रात्री बघून ठेवा. मी ब्रीफ दोनदा वाचते आणि बघायच्या सहा-सात गोष्टी वहीत उतरवते. शंका असेल तर शेड्युलरला, म्हणजे एजन्सीत भेटी ठरवणाऱ्याला, आधीच विचारते. भेटीनंतर विचारून काही उपयोग नसतो.

बिलाची हेळसांड

बिल म्हणजे तुम्ही तिथे गेल्याचा पुरावा. पण हल्लीची बिलं थर्मल कागदावर छापतात, आणि तो कागद उष्णतेने काळा पडतो. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं बिल मी घरी येऊन काढलं, तर अर्धं करडं झालं होतं. तारीख दिसत होती, वेळ गेली होती. लॅमिनेशन केलं तर सगळंच काळं होतं. म्हणून टेबलावरून उठण्यापूर्वीच फोटो काढायचा: चारही कोपरे, तारीख, वेळ, बिल नंबर आणि रक्कम स्पष्ट दिसली पाहिजे. मूळ बिल वहीच्या पानांत ठेवा आणि पैसे हातात पडेपर्यंत टाकू नका.

मत लिहिणं, पाहिलेलं न लिहिणं

सगळ्यात जास्त रिपोर्ट इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या एका मैत्रिणीचा पहिला रिपोर्ट असा होता: ‘स्टाफ छान होता, सेवा जलद होती, स्वच्छता ठीक.’ एजन्सीत रिपोर्ट तपासणाऱ्या एडिटरने तीन प्रश्न विचारून परत पाठवला. छान म्हणजे काय केलं? जलद म्हणजे किती मिनिटं? ठीक म्हणजे काय ठीक नव्हतं? आम्ही दोघींनी बसून तिला आठवेल तसं पुन्हा लिहिलं:

‘१.१४ ला रांगेत उभी राहिले, पुढे तीनजण होते. १.१९ ला काउंटरवर पोचले. कॅशिअर स्क्रीनकडे बघतच “बोला” म्हणाला. ऑर्डर सांगून झाल्यावर त्याने वर पाहिलं. सोबत पेय हवं का, हे विचारलं नाही. बिल १.२१ चं. १.२९ ला ट्रे मिळाला. फ्राइज कोमट होत्या. टेबलावर सॉसचा डाग होता. मी बसल्यावर चार मिनिटांनी महिला कर्मचाऱ्याने येऊन पुसला.’

यात ‘छान’ नाही, ‘वाईट’ नाही. तरी वाचणाऱ्याला काउंटर डोळ्यासमोर दिसतो. कॅशिअर उद्धट होता, असं तिला लिहायचं होतं. मी म्हटलं, तो काय म्हणाला आणि कुठे बघत होता ते लिही. उद्धट की दमलेला, हे त्यांना ठरवू दे.

आता वेळा लक्षात कशा ठेवायच्या? हातातल्या घड्याळाकडे सारखं बघितलं की काउंटरवरचे लगेच ओळखतात. मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करते: ‘पोचले’, ‘बिल झालं’, ‘आलं जेवण’. मेसेजची वेळ आपोआप नोंदली जाते, आणि फोनवर टाइप करणाऱ्या बाईकडे कुणी वळूनही बघत नाही. रिपोर्ट पाठवण्यापूर्वी या वेळा बिलाशी ताडून पाहा. बिलावर १.२१ आणि तुमची ऑर्डर १.२५ ला, असं झालं की एडिटरचा बाकीच्या रिपोर्टवरचाही विश्वास उडतो. फॉर्ममध्ये वर ‘हसून स्वागत केलं का’ या प्रश्नाला ‘नाही’ आणि खाली वर्णनात ‘हसतमुख कर्मचारी’, ही चूकही फार होते.

रिपोर्ट बहुतेक वेळा इंग्रजीत मागतात. त्याचा धसका घेऊ नका. आधी मराठीत कच्चं लिहा, मग छोट्या छोट्या वाक्यांत उतरवा. एडिटरला भाषा नटलेली नको असते, घटना क्रमाने हव्या असतात.

ठरलेलं बिघडलं तर

दुकान बंद आहे: बंद दाराचा आणि पाटीचा फोटो काढा, तिथूनच शेड्युलरला फोन करा, त्यांनी सांगेपर्यंत निघू नका. सांगितलेली वस्तू संपली आहे: कर्मचारी पर्याय काय सुचवतो ते ऐका, कारण बहुधा तेही नोंदवायचं असतं, दुसरं काय घ्यायचं ते ब्रीफमध्ये बघा. बिल देत नाहीत: एकदा शांतपणे मागा आणि काय उत्तर मिळालं ते शब्दशः लिहा. त्यांनी ओळखलंच, तर वाद घालू नका, ज्यासाठी आलात ती खरेदी पुरी करा आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट नोंदवा. लपवलेलं नंतर बाहेर येतं आणि एजन्सीकडचं खातं बंद होतं.

लपून व्हिडिओ किंवा आवाज रेकॉर्ड करायचा नाही, ब्रीफमध्ये लेखी सांगितलं असेल तरच करायचा. आणि जिथे आपला भाऊ, वहिनी किंवा मित्र नोकरीला आहे तिथलं काम घ्यायचंच नाही.

हिशोब न ठेवणं

मागच्या महिन्यात माझ्या नऊ भेटी झाल्या. फीचे २,६५० रुपये, रिक्षा आणि पेट्रोलला ४३० गेले, म्हणजे हातात २,२२० राहिले, आणि तेही दीड महिन्याने येणार. यावर घर चालत नाही. मुलाच्या क्लासच्या फीला हातभार लागतो. वीस किलोमीटर जाऊन २०० रुपयांचं काम घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवते. एकाच दिवशी एकाच रस्त्यावरची दोन-तीन कामं मिळाली तरच हिशोब बसतो. वहीत पाच रकाने आखा: भेटीची तारीख, आउटलेट कोड, फी, खर्च, पैसे कधी आले. टीडीएस कापला असेल तर तो आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर दिसतो का ते बघा. पॅन दिला नसेल तर २० टक्क्यांपर्यंत कापतात.

अंदाजाने नाव लिहिणं

हे शेवटी लिहिते, पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. तिसऱ्या वर्षी एका कपड्याच्या दुकानात विक्रेतीच्या नावाचा बिल्ला ओढणीच्या घडीमागे गेला होता. कुणीतरी तिला हाक मारली, मला ‘स्वाती’सारखं काहीतरी ऐकू आलं, आणि मी तेच लिहिलं. तिने मला सात-आठ मिनिटं विचारलंही नव्हतं, ते सगळं त्या नावावर गेलं. आठवड्याने एडिटरचा मेल आला: त्या दिवशी स्वाती सुट्टीवर होती. रिपोर्ट रद्द झाला, माझे पैसे गेले, त्याचं काही नाही. पण रजेवरून परतलेल्या एका मुलीला, तिने न केलेल्या गोष्टीबद्दल आत बोलावून विचारलं गेलं होतं. अशा रिपोर्टवर अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांचा इन्सेंटिव्ह ठरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी एडिटरला चूक कबूल करणारा मेल पाठवला आणि तो दुकानापर्यंत पोचवा अशी विनंती केली. आता बिल्ला वाचता आला नाही, तर नावाच्या रकान्यात मी ‘बिल्ला दिसला नाही’ एवढंच लिहिते, आणि खाली वर्णन देते: उंची साधारण पाच फूट, चष्मा, केसांचा अंबाडा, ट्रायल रूमच्या डावीकडच्या काउंटरवर, ४.१० ते ४.२५.