एनजीओत पहिली नोकरी करताय? आधी सही कशावर करताय ते बघा

एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सचे, रिझल्ट लागले की ज्युनियर्सचे फोन सुरू होतात, अमुक संस्थेत जागा आहे, जाऊ का. संस्था कशी वाटली विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, काम खूप चांगलंय. अरे हो, काम चांगलंच असणार. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये कुपोषणावर, पाण्यावर, मुलींच्या शिक्षणावर कुणीही मनापासून काही केलं तरी ते चांगलंच असतं कारण तिथे गरजच तेवढी आहे. पण काम चांगलं असणं वेगळं आणि ते काम चालवणारा माणूस चांगला असणं वेगळं, आणि हे मला समजायला दीड वर्ष लागलं. अजूनही त्या दिवसांबद्दल लिहायला बसले की पोटात गोळा येतो.

मी जुलै २०२२ मध्ये जॉइन झाले. महापालिकेचा एम पूर्व वॉर्ड, देवनार डम्पिंग ग्राउंडच्या बाजूच्या वस्त्या, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांची वजनं-उंची घ्यायची, दंडघेर मोजायचा, आयांच्या मीटिंगा, अंगणवाडी सेविकांबरोबर समन्वय. डोंबिवलीहून कुर्ला, तिथून हार्बर लोकलने गोवंडी आणि पुढे शेअर रिक्षा. पायाला गोळे यायचे पण मला ते काम आवडायचं, मनापासून आवडायचं.

संस्थेच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणायचे. आपल्याकडे संस्थांमध्ये ताई, भाऊ, काका हीच पद्धत आहे आणि त्यात वाईट काही नाही, वस्तीत तर त्याशिवाय कुणी दार उघडत नाही. पण ऑफिसात त्याचा एक परिणाम होतो तो आधीच ओळखा. मॅनेजरकडे नेमणूकपत्र मागता येतं, ताईकडे मागताना जीभ अडखळते. ताई म्हणाल्या होत्या "अगं कागदाचं काय, तू घरचीच आहेस", आणि मला ते ऐकून भरून आलं होतं. चौथ्या महिन्यात पत्र हातात आलं त्यावर पद होतं कन्सल्टंट.

ओरडणं, अपमान याबद्दल फार लिहीत नाही कारण ते सगळ्यांना माहितीये. सोमवारच्या मीटिंगमध्ये एकाला उभं करून सगळ्यांदेखत झापायचं, रात्री अकराला ग्रुपवर "उद्या सकाळी साडेआठला वस्तीत हवेत सगळे", आज लाडका असलेला पुढच्या महिन्यात नावडता, आणि सुट्टी मागितली की "तुझ्यात तळमळ नाही". हे दिसतं, त्यामुळे निदान कळतं तरी. मला ज्याने अडकवलं ते दिसत नव्हतं, म्हणून ते सविस्तर सांगते, कंटाळा आला तरी वाचा.

माझा पगार कागदावर २२,००० होता. कन्सल्टंट असल्यामुळे १० टक्के टीडीएस, म्हणजे खात्यात १९,८०० यायचे. महिना संपला की अकाउंट्सच्या टेबलावर मी दोन कागदांवर सही करायचे. पहिला माझं स्वतःचं बिल, म्हणजे मी संस्थेला सेवा दिली म्हणून मला २२,००० द्यावेत, त्यावर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर आडवी सही. दुसरा कागद छोटा, अर्ध्या पानाचा, छापील. "संस्थेच्या कार्यास ऐच्छिक मदत", पुढे रक्कम मोकळी. पहिल्यांदा तो पुढे आला तेव्हा रकमेच्या जागी पेन्सिलने ४,००० लिहिलेलं होतं. मी विचारलं हे काय, तर ताई आतून म्हणाल्या, आपण सगळेच देतो गं, भाड्याला फंड मिळत नाही, आपल्या वस्तीसाठी एवढं तर करूच शकतो ना. माझ्यासमोर दोन जुन्या सहकाऱ्यांनी सही केली होती. मी पण केली आणि दुसऱ्या दिवशी एटीएममधून चार हजार काढून पाकिटात घालून नेऊन दिले. असे सोळा महिने. चौसष्ट हजार रुपये. हातात राहायचे १५,८००, त्यात पास, खाणं, घरी थोडे.

आता हे का होतं ते समजून घ्या, कारण कारण कळलं नाही तर तुम्हाला पण ते त्याग वगैरे वाटेल. फंड देणारे बहुतेक जण प्रोजेक्टला पैसे देतात, ऑफिसचं भाडं, वीजबिल, अकाउंटंट याला हात आखडता घेतात. परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्यात २०२० ला दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पैसा पुढे द्यायचा मार्गही बंद झाला, त्यामुळे मोठ्यांच्या आधाराने चालणाऱ्या लहान संस्थांचे हाल झाले. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या पैशाचं म्हणाल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे नफ्याच्या २ टक्के खर्च करणं मोठ्या कंपन्यांना बंधनकारक आहे पण तो पैसा वर्षभर सारखा येत नाही, हप्त्याने येतो, आधीच्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाले असा दाखला, गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. म्हणजे अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. एखाद्या संस्थेत एप्रिल-मेमध्ये पगार उशिरा झाला आणि प्रमुखाने सगळ्यांना बसवून हिशोब उघडून सांगितला तर ती संस्था गरीब आहे, वाईट नाही, तिथे थांबायला हरकत नाही. पण फंड देणाऱ्याला माझ्या नावाने २२,००० दाखवायचे आणि माझ्याकडून चार हजार मागच्या दाराने काढायचे ही फसवणूक आहे, आणि त्या फसवणुकीच्या दोन्ही कागदांवर सही माझी होती, ताईंची एकही नाही.

हे परत वाचा. दोन्ही कागदांवर सही माझी. उद्या मी तक्रार केली तर कागद सांगतो की हिला पूर्ण पैसे मिळाले आणि हिने स्वखुशीने देणगी दिली. पावती कधीच मिळाली नाही. मिळाली असती तरी २,००० च्या वरच्या रोख देणगीला ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत नसते हे मला नंतर कळलं. टीडीएस निदान रिटर्न भरल्यावर परत आला, ते चार हजार कुठे गेले मला आजतागायत माहिती नाही.

आणि याहून वाईट म्हणजे तुम्ही त्यात सामील होता. फंड देणाऱ्या कंपनीकडून एक मॅडम व्हिजिटला आल्या होत्या, चांगल्या होत्या, वस्तीतून चालत आल्या, चहा पिता पिता मला विचारलं "पगार वेळेवर मिळतो ना, पूर्ण मिळतो ना?" ताई समोरच्या खुर्चीवर. मी म्हटलं हो. त्या एका हो ची मला अजून लाज वाटते.

एकदा तुम्ही पैशाच्या खोट्या कागदावर सही केली की पुढची सही मागायला समोरच्याला काहीच वाटत नाही. ऑक्टोबर २०२३, रिपोर्टचा आठवडा. एका गल्लीत चौदा महिन्यांची मुलगी, आईच्या मांडीवर, रडायची पण ताकद नव्हती तिच्यात. दंडाला पट्टी लावली, आकडा लालमध्ये, ११.२. परत मोजलं, ११.२. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषित, सॅम, हे कुणाला सांगायला नको. संध्याकाळी शीट बघून ताई म्हणाल्या, हिला मागच्या महिन्यात पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषित दाखवलंय, आता लाल कशी, आपलं टार्गेट सुधारणेचं आहे, तू घाईत मोजलं असशील, ११.७ कर. पॉइंट सात. मी खोडून ११.७ केलं आणि खाली सही केली. घरी जाताना कुर्ल्याला जिन्यावर बसून राहिले, तीन गाड्या सोडल्या. आकडा पिवळ्यात गेला म्हणजे ती मुलगी रेफर होणार नाही, एवढंच डोक्यात. सकाळी ऑफिसला न जाता थेट वस्तीत गेले, सेविकाबाईंना घेऊन त्या घरी गेलो, त्यांनी स्वतः मोजलं, त्यांच्या नोंदीत खरा आकडा गेला आणि त्यांनीच आईला तयार करून मुलीला सायन हॉस्पिटलला पाठवलं. ती वाचली. पण माझी शीट अजून कुठल्या तरी फाइलला ११.७ च असणार.

तर नवीन लोकांनो, पहिल्या आठवड्यात काय बघायचं. नेमणूकपत्र जॉइन व्हायच्या आधी, नंतर नाही. त्यावर कर्मचारी लिहिलंय का कन्सल्टंट. रोज हजेरी लागते, सुट्टी विचारून घ्यावी लागते, दुसरीकडे काम करायला बंदी आहे आणि तरी कन्सल्टंट असाल तर समजा की पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवायला केलंय. वीस किंवा जास्त कर्मचारी असले की पीएफ लागू होतो, आमच्याकडे सव्वीस माणसं राबत होती आणि पगारपत्रकावर नऊ. पीएफ कापतात असं म्हणाले तर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर घ्या आणि पासबुकात स्वतः बघा, तोंडी विश्वास नको. विश्वस्त कोण आहेत ते विचारा. सगळे एकाच घरातले असले, नवरा, दीर, वहिनी, तर वर दाद मागायला कुणी नाही हे धरून चाला. मी एका विश्वस्तांना भेटायला गेले होते, ते ताईंचे मावसभाऊ निघाले आणि संध्याकाळपर्यंत सगळं ताईंना कळलं होतं.

एक गोंधळ नेहमी होतो म्हणून सांगते, पॉश कायदा लैंगिक छळासाठी आहे, ओरडण्या-घालूनपाडून बोलण्यासाठी नाही. पण तसं काही घडलं तर गप्प बसू नका, १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, आणि तुम्ही व्हॉलंटियर असलात तरी चालतं. संस्थेच्या कारभाराची तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे, वरळीला, तिथे कागद लागतात आणि वेळ लागतो, रागाच्या भरात जाऊन उपयोग नाही.

रोख मागितली तर एकच वाक्य पाठ करून ठेवा, "ताई, द्यायचंच असेल तर मी यूपीआयने देते, मला ८०जी ची पावती द्या." भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. माझ्यानंतर आलेल्या मुलीला मी हे शिकवलं आणि तिच्याकडे परत कुणी पैसे मागितले नाहीत. आकडा बदलायला सांगितला तर शीट तशीच ठेवा आणि त्याच संध्याकाळी मेल टाका, "आज मोजलेली मुलं आणि नोंदी अशा, अमुक मुलीचा दंडघेर दोनदा ११.२ आला, सेविकांना कळवलं आहे." दोन ओळी पुरतात. स्वतःचे कागद, म्हणजे पत्र, बिलं, बँक स्टेटमेंट, स्वतःचे मेल, यांची प्रत घरी ठेवा. वस्तीतल्या लोकांच्या याद्या, फोटो मात्र घरी नेऊ नका, कितीही राग असला तरी. ती माहिती त्या बायकांची आहे.

मेंटॉरबद्दल माझं मत कडक आहे. त्याच संस्थेतला सीनियर तुमचा मेंटॉर होऊ शकत नाही, त्याचाही पगार तिथूनच येतो. लिंक्डइनवर लीडरशिपच्या पोस्टी टाकणाऱ्यांचा तर नाद सोडा. आणि फेलोशिप केली की चांगल्या संस्थेत थेट घुसता येतं हा शॉर्टकट मला पटत नाही, फेलोशिपवाल्यांनाही मी अशाच ठिकाणी रडताना पाहिलंय. मला खरं कुणी शिकवलं असेल तर आमच्या अकाउंटंट काकांनी. एक दिवस ताई बाहेर असताना त्यांनी तो अर्ध्या पानाचा कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यावर हात तसाच ठेवला, म्हणाले, "बाळा, मी एकोणसाठ वर्षांचा आहे, मला कुठे जाता येत नाही. तू वाचून सही करत जा." त्या महिन्यात मी पहिल्यांदा सही केली नाही.

सोडायचं कसं. दोन-तीन महिन्यांचे पैसे जमेपर्यंत थांबा पण "प्रोजेक्ट संपेपर्यंत थांब" याला बळी पडू नका, प्रोजेक्ट संपत नसतो, एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो. आणि "तू गेलीस तर त्या बायकांचं काय" हे तुम्हाला ऐकवलं जाणारच, तिथेच सगळे विरघळतात, मी पण दोनदा राजीनामा मागे घेतला. त्या बायका आपण यायच्या आधीपासून तिथे आहेत, अंगणवाडी आहे, हेल्थ पोस्ट आहे, आशाताई आहेत. मी जायच्या आधी पंधरा दिवस एकेका घरी जाऊन सांगितलं की मी नसेन, हा सेविकाबाईंचा नंबर. कुणी रागावलं नाही. एका आजींनी डब्यात भाकरी-चटणी बांधून दिली.

राजीनामा मेलवर द्या, तारखेसकट. मला रिलीव्हिंग लेटर सात आठवड्यांनी मिळालं, पाच मेल केल्यावर, शेवटच्या महिन्याचे पैसे त्याच्याही नंतर. तोवर इंटरव्ह्यूला मी खरं तेवढंच सांगितलं, कार्यपद्धतीबद्दल मतभेद होते, पत्र यायचंय, आणि त्यांनी फारसं विचारलंही नाही. निघताना टॅब, ओळखपत्र, वजनकाटा, सतरा दंडघेर पट्ट्या, रजिस्टरं अशी यादी दोन प्रतींत केली. ताई केबिनमधून बाहेर आल्या नाहीत. काकांनी एकेक वस्तू मोजून घेतली, दोन्ही प्रतींवर "मिळाले" लिहून सही-शिक्का मारला आणि एक प्रत माझ्याकडे दिली.